चौतीस वर्षांचं दही

करंजखोऱ्यातली गरिबी हटवायला एका मोठ्या संस्थेचे सल्लागार डॉ. केळुसकर आले, तेव्हा अख्खं गाव शाळेच्या पडवीत दाटीवाटीने बसलं होतं. साहेबांची योजना ठरलेलीच होती: दर वर्षी घरटी बियाण्याची फुकट पाकिटं. सरूबाई मात्र अडून बसली. "पाकिटं नकोत, साहेब. गावाला बियाणंघर उभं करून द्या. पेरू, पिकवू आणि त्यातलंच पुढच्या सालाला राखू."

साहेब हसले. "आमची गाडी दर वर्षी येणारच आहे. तुमचं बियाणंघर चार वर्षं तरी टिकेल कशावरून? आत्ता पुरावा दाखवा, नाहीतर योजनेवर अंगठे उठवा."

सरूबाई तरातरा घरी गेली आणि वाटीभर दही घेऊन आली. साहेबांनी वाटी चाटूनपुसून रिकामी केली.

"कधीचं असेल, साहेब?"

"कालचं. फार तर परवाचं."

"चौतीस वर्षांचं आहे."

साहेबांनी रिकामी वाटी संशयाने हुंगली. माणसं पुढे सरकली.

"लग्न होऊन इथं आले, तेव्हा शेजारच्या गोदाक्काने चमचाभर विरजण दिलं. त्या दिवसापासून रोज थोडं राखते आणि रोज नवं दही लावते. गोदाक्काला जाऊन नऊ वर्षं झाली, दही अजून लागतंय. तिने रोज आयतं दहीच दिलं असतं, तर नऊ वर्षं माझी वाटी कोरडी राहिली असती."

साहेबांनी कागदावरची पाकिटं खोडून तिथे बियाणंघर लिहिलं. मग हळूच वाटी पुढे केली.

"चमचाभर विरजण मिळेल?"