सर्वजण सुखात असल्याचे वाचून समाधान वाटले

एक जंगल होतं. जंगलात एक पाणवठा होता आणि पाणवठ्यात पांढरी अस्वलं बसलेली होती. ती फार लांबून, बर्फाच्या मुलखातून आली होती. आली तेव्हा म्हणाली, "आम्ही फक्त मध विकत घ्यायला आलोय." मग त्यांना उकडायला लागलं. उकडायला लागल्यावर ती पाण्यात जाऊन बसली आणि बसल्या बसल्या राज्य करू लागली. सर्वांत जाड अस्वल म्हणजे लाटसाहेब. ते मधोमध बसत, कारण तिथलं पाणी जास्त गार होतं.

बाकीच्यांनी पाणी प्यायचं ते टेकडीपलीकडच्या ओढ्यावर. वाटेत करवंदीच्या जाळीत एक तरस राहायचा. स्वभावाने समतावादी. लहानमोठा, गरीबश्रीमंत असा भेद न करता तो सगळ्यांना सारखंच खायचा.

साळू नावाची साळींदरीण आपल्या दोन पिल्लांना घेऊन रोज त्या वाटेने जायची. तरस दिसला की काटे फुलवून उभी राहायची आणि तरस शिव्या देत जाळीत परतायचा. पण दर उन्हाळ्यात ओढा आटायचा, वाट लांबायची, पिल्लं रडकुंडीला यायची. शेवटी वैतागून ती तात्यासाहेब कोल्ह्यांकडे गेली. तात्यासाहेब एक हिवाळा बर्फावर शिकून आले होते आणि तेव्हापासून भर वैशाखातही गळ्याला मफलर गुंडाळून हिंडत.

"साळूबाई, भांडून काय मिळायचंय?" तात्यासाहेब म्हणाले. "आपण कायद्याच्या राज्यात राहतो. बर्फावर महासभा आहे, महासभेची अर्ज समिती आहे. रीतसर अर्ज करू."

"अर्ज केला की पाणी मिळतं?"

"उत्तर मिळतं. फक्त नियम असा आहे की अर्ज साळींदराच्या काट्यानेच लिहायचा आणि प्रत्येक प्रतीला काटा नवा. तेवढं तुमच्याकडे लागलं."

साळूने डोळे मिटून पाठीवरचे काटे उपटून दिले.

आता अर्जाची रीत अशी, की आधी स्तुती आणि मग मागणी. स्तुती म्हटल्यावर जंगलाच्या अंगात आलं. मोराने लाटसाहेबांच्या गोरेपणावर लिहिलं. माकडाने महासभेच्या न्यायबुद्धीवर लिहिलं. सांबराने 'आपल्या कृपाछत्राखाली आम्ही सर्वजण सुखात आहोत' असं घातलं, कारण तसं घालायचंच असतं. शेवटी तळाशी थोडी जागा उरली, तिथे साळूने लिहिलं, 'पाणी द्या.' उत्तरेला परतणाऱ्या बदकांबरोबर अर्ज गेला. उत्तरही बदकांबरोबरच यायचं, म्हणजे मधला उन्हाळा तसाच काढायचा.

थंडीत बदकं आली. तात्यासाहेबांनी मफलर सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "समितीने अर्जाचा आरंभ लक्षपूर्वक वाचला. जंगलातील सर्वजण सुखात असल्याचे वाचून समितीस समाधान वाटले. असेच राहावे."

जनावरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बर्फावरून उत्तर येणं म्हणजे काय चेष्टा आहे!

"अहो, पण पाणी?" साळू ओरडली.

"ते पुढच्या अर्जात," तात्यासाहेब म्हणाले. "काटे आणा."

पुढच्या अर्जात स्तुती गाळली. उत्तर आलं, "भाषा उद्धट असल्याने अर्ज वाचण्यात आला नाही. वाचला असता तरी नामंजूर झाला असता." त्याच्या पुढच्या अर्जात स्तुती आणि मागणी आलटूनपालटून घातली. त्यावर मात्र समितीने गंभीर होऊन उपसमिती नेमली. तिचा अहवाल आला, "उपसमितीने बर्फावर सर्वत्र फिरून कसून पाहणी केली. तहानलेला प्राणी आढळला नाही. तरीही कोणास तहान लागल्यास त्याने बर्फ चाटावा."

"बर्फ म्हणजे काय हो?" माकडाने विचारलं.

"ते शिकल्याशिवाय कळायचं नाही," तात्यासाहेब म्हणाले.

इकडे साळूची पाठ बोडकी होत चालली. तरसाच्या ते बरोबर लक्षात आलं. आधी तो जाळीत परतेनासा झाला, मग वाटेवरच ठाण मांडून बसायला लागला. एके दिवशी त्याने धाकट्या पिल्लाचा पाय धरला. साळूने जिवाच्या आकांताने पिल्लू सोडवून आणलं, पण ते कायमचं लंगडं झालं. त्याच आठवड्यात बदकं समितीचं नवं उत्तर घेऊन उतरली, "अर्जदार साळींदर असल्याचे म्हटले आहे. परंतु लाटसाहेबांच्या म्हणण्यानुसार अर्जदाराच्या अंगावर काटे दिसत नाहीत. साळींदर असल्याचा पुरावा जोडावा."

"सोपं आहे," तात्यासाहेब म्हणाले. "पुरावा लिहायला काटे द्या."

साळूचं डोकं फिरलं. शेपटीपाशी थोडे काटे उरले होते. ती पिल्लांना घेऊन थेट पाणवठ्यात शिरली, लाटसाहेबांपर्यंत पोहत गेली, पाठ फिरवली आणि उरलेसुरले काटे फुलवून मागे सरकली. लाटसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच प्रजेचं म्हणणं मनावर घेतलं. ते बोंबलत काठावर आले, त्यांच्यामागून बाकीची अस्वलं आली. ते बघून रानडुकरं पाण्यात घुसली, सांबरं घुसली, अख्खं जंगल घुसलं. अस्वलांना बसायला जागा उरली नाही. उन्हात उभं राहून राज्य करणं त्यांच्याच्याने होईना. "आम्ही निघणारच होतो," असं जाहीर करून ती निघून गेली. साळूची पिल्लं त्या दिवशी पोट फुटेस्तोवर पाणी प्यायली, आणि साळू काठावर बसून हमसून हमसून रडली.

नवं राज्य आलं. प्रत्येक अर्जावर तात्यासाहेबांची सही होती, म्हणून तेच प्रधान झाले. "बंधुभगिनींनो," ते गरजले, "हा पाणवठा आपण अर्ज करून मिळवला आहे! तो पुन्हा कुणी बळकावू नये म्हणून तूर्त तुमचं मंत्रिमंडळ त्यात बसून राहील. जनतेने काही दिवस ओढ्याचा वापर करावा."

साळूचे काटे अजून नीट उगवले नव्हते. लंगडणाऱ्या पिल्लाला घेऊन ती काठावर आली.

"तात्यासाहेब, ओढ्याच्या वाटेवर तरस आहे हो."

"ठाऊक आहे ना!" मधोमध बसलेले तात्यासाहेब मायेने म्हणाले. "आता परक्यांचं राज्य थोडंच आहे? त्या वाटेच्या सुरक्षेसाठी आपण इथल्या इथे समिती नेमलीय. बदकांची वाट बघायला नको, अर्ज केला की हातोहात निकाल."

"समितीवर कोण आहे?"

"अध्यक्षपद तरसाकडे दिलंय," तात्यासाहेब म्हणाले. "त्या वाटेचा त्याच्याइतका दांडगा अनुभव दुसऱ्या कुणाला आहे?"