टाकी फुटली त्या सकाळी

“माई, एवढं गुंडाळलं होतं टाकीला, तरी फुटली कशी?”

सर्जेराव टाकीपुढं उभे होते. गवताच्या पेंढ्या, त्यांवर पोती, वर ताडपत्री आणि सुतळीचे वेढे. बाळंतिणीला जपावं तसं टाकीला जपलं होतं. तरी पहाटे पत्र्याचा जोड उकलला, नळही तडकला. अंगणात नुसता बर्फ.

गंगोत्रीच्या वाटेवरचा हा आश्रम. माई मूळच्या वाईच्या, सत्तरी ओलांडलेल्या. सर्जेराव आटपाडीचे, पंपांची कामं करणारे, माईंकडं शिष्य म्हणून नुकतेच आलेले. पाण्यातलं सगळं आपल्यालाच कळतं, हा त्यांचा ताठा. खरं सांगतो, आम्ही आश्रमातले त्याला विटलो होतो.

“रात्री नळ बारीक चालू ठेवला होतास?” माईंनी विचारलं.

“नाही.”

“मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत. मीच गच्च आवळला.” सर्जेरावांचा आवाज चढला. “अहो माई, आमच्याकडं टँकर आला की घागरीसाठी बायका झिंज्या उपटतात. आणि इथं रात्रभर पाणी वाहू द्यायचं? जिवावर आलं माझ्या. म्हटलं, ऊब दिली की झालं.”

“कोंडलेलं पाणी थंडीत फुगतं, बाबा. त्याला जागा लागते.”

“चुकलं माझं. काय ती शिक्षा द्या.”

माईंनी पातेल्यात बर्फ भरला आणि चुलीवर ठेवला. टाकी फुटली म्हणून चहा काही चुकत नाही.

“तू इथं कशाला आलास, सर्जेराव?”

“ठाऊक आहे तुम्हाला. पोरगं गेलं माझं. मोटारसायकलवरून येत होतं...” ते थांबले, मग छाती काढून म्हणाले, “सुतक फिटलं आणि निघालो. मन घट्ट करायला आलोय. गावात विचारा कुणालाही, अग्नी देतानासुद्धा डोळ्यांतून टिपूस काढलं नाही मी. बायको ऊर बडवत होती, तिलाही गप्प केलं.”

“झाली गप्प?”

“झाली.”

“तेव्हापासून बोललीच नाही ती माझ्याशी,” सर्जेराव जाळाकडं बघत म्हणाले.

माईंनी चुलीत फुंकर घातली. “नाव काय होतं त्याचं?”

“त्याचं आता काय, माई?”

“नाव सांग.”

“सु...”

ओठ हलले, पण पुढं शब्द येईना. चेहरा काळानिळा झाला. मला वाटलं, या माणसाला आता काहीतरी होतंय. माई शांतपणे लाकडं सारत राहिल्या.

“सुहास,” ते म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

एवढा धिप्पाड गडी, चुलीपुढं हमसून हमसून रडत होता. बघवेना. माझा त्यांच्यावरचा राग कुठल्या कुठं पळाला. पाठीवर हात ठेवायला मी उठलो, तर माईंनी हातानंच मला बसवलं.

“माई,” ते कसंबसं म्हणाले, “हे आता आवरू कसं?”

पातेल्यातलं पाणी उकळत होतं. माईंनी साखरेचा डबा उघडला.

“सुहासला चहात किती लागायची रे?”