राघूनं खाल्लेला मोर

"मग चोचच घासून बोथट करू का त्याची, बुवा? कानस हाय माझ्याकडं."

अवचितगिरी बुवा समईच्या वाती वळत बसले होते. हातातली वात त्यांनी पुरी केली, ताटलीत ठेवली आणि दुसरा कापूस घेतला.

"कोणाची?" त्यांनी विचारलं.

"राघूची! मघापासून दुसरं काय सांगतोय मी?"

ते खरंच होतं. नदीकाठच्या मठाची पायरी चढल्यापासून भानुदास पांचाळाच्या तोंडी पोपटाशिवाय विषय नव्हता.

हा भानुदास म्हणजे साधासुधा सुतार नव्हे. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं, आणि ते खोडून काढणारा कोणी त्या मुलखात अजून भेटला नव्हता. सागवानावर त्याची पटाशी फिरली की वेलीला पानं फुटायची, हे मात्र त्याचा हेवा करणारेही मान्य करत. महिन्यातून एकदा तो बुवांच्या पाया पडायला यायचा. दोन गोष्टी ऐकायचा आणि चार गोष्टी बुवांनाच ऐकवून जायचा. बुवा त्याही ऐकून घ्यायचे.

"आधी खुर्चीचे हात खाल्ले त्यानं," भानुदास म्हणाला. "म्हटलं, जाऊ दे. मग फडताळाची कड खाल्ली. काल देव्हाऱ्याच्या कमानीवरचा मोर खाल्ला बघा. तुरा, चोच, मान... काही म्हणता काही ठेवलं न्हाई. महिनाभर राबलो होतो त्या मोरावर."

"पोपटानं मोर खाल्ला," बुवा म्हणाले.

"हसू नका, बुवा."

"नाही हसत. पुढं सांग."

पुढचं सांगताना भानुदासला जरा ओशाळायलाच झालं. लाकडाला त्यानं मिरचीचं पाणी फासलं होतं. चांगली लवंगी मिरची वाटून. पोपटाची जात मिरची मिटक्या मारत खाते, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण रागाच्या भरात ते भानुदासच्या ध्यानातच आलं नाही. राघूनं त्या दिवशी खुर्चीची पाठ दुप्पट चवीनं खाल्ली. मग कोरफडीचा गर लावून झाला. कडुनिंबाचा पाला बांधून झाला. राघूनं आधी पाला सोडवला, मग लाकूड खाल्लं.

"पिंजऱ्यात घाल."

"घातला होता. लेक जेवली न्हाई दोन वेळा. पायाला दोरी बांधली, तर तिनं सोडून टाकली."

  कापसातली एक बारीक सरकी बुवांनी नखानं काढून बाजूला ठेवली.

मालन ही भानुदासची एकुलती लेक. दोन वर्षांपूर्वी ती सासर सोडून आली ती कायमचीच. येताना एक पत्र्याची पेटी आणि हा राघू, एवढंच घेऊन आली. तिथं काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं खोदून विचारलं नाही. दिवसभर ती खिडकीशी बसून असायची. बोलायची ती राघूशी. बापाचं बोलणं 'हो' आणि 'नको' यातच उरकायची. लहानपणी रंध्याच्या सालपटांचे तोडे करून घरभर मिरवणारी, बडबड करून डोकं उठवणारी पोर ती. तिचं हे गप्प बसणं भानुदासच्या काळजाला घरं पाडत होतं. दुसऱ्या कोणापुढं त्यानं ते कबूल केलं नसतं.

"काल मोर बघितला आणि माझं डोकंच फिरलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "राघूला धरला आणि निघालो रानात सोडायला. तर ती दारात उभी राहिली. म्हणाली, 'तो गेला तर मी बी जाते.'"

"कुठं?"

"ते न्हाई सांगितलं. विचारायची माझी छाती झाली न्हाई... दोन वर्षांत एवढं एकच वाक्य धड बोलली ती माझ्याशी." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "देव्हारा दुसरा करीन, बुवा. पण लेक गेली तर..."

बुवांनी कापूस खाली ठेवला.

"दिवसभर काय करतो तुझा राघू?"

"काय करणार? त्याला काही करावंच लागत न्हाई. पेरूच्या फोडी करून देतो. डाळ भिजवून देतो. शेंगा सोलून, दाणे वाटीत. पाणी बसल्या जागी. राजासारखा ठेवलाय."

"आणि मालन?"

"तिला तर काडी उचलू देत न्हाई मी," भानुदासची मान आपोआप ताठ झाली. "भाकरीला शेजारची बाई लावलीय, धुण्याला दुसरी. एकदा माझ्या कामाच्या पडवीत येऊन पटाशीला हात घातला तिनं, तर मीच काढून घेतली. पांचाळाची लेक माहेरी येऊन राबतेय, असं म्हणायला कुणाला जागा ठेवली न्हाई. जन्मभर बसवून खाऊ घालीन तिला."

बुवांनी वातींची ताटली बाजूला सारली.

"औषध आहे," ते म्हणाले. "पण पथ्य कडक आहे."

"राघूला?"

"तुला."

"सांगा."

"तीन दिवस इथं राहायचं. काही करायचं नाही. झाडू उचलायचा नाही, कळशी उचलायची नाही. बसायला पाट मिळेल, पुढ्यात ताट येईल. जमेल?"

"न जमायला काय झालं?" भानुदास मोठ्यानं हसला. "तीस वर्षांत एक दिवस बसलो न्हाई मी. हक्कच हाय माझा!"

गावाकडे निघालेल्या गवळ्याबरोबर त्यानं घरी निरोप धाडला आणि ओसरीवर पाटावर ऐसपैस बसला.

पहिला दिवस झकास गेला. भानुदास जेवला, झोपला, उठून पुन्हा जेवला. बुवांना म्हणाला, "असलं पथ्य रोज सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मठाचं दार त्याच्या कानाला खुपायला लागलं. बिजागरी ढिली झाली होती, उघडताना कुरकुरत होती. तो उठला.

"पथ्य," बुवा आतून म्हणाले.

"अहो, दोन मिनिटांचं काम..."

"पथ्य."

तो बसला. बुवा तांदूळ निवडायला बसले तेव्हा त्यानं सूप ओढून घेतलं. बुवांनी ते परत ओढून घेतलं. मग बुवा कळशी घेऊन नदीवर गेले. पंचाहत्तरीचा म्हातारा पायऱ्या चढून पाणी आणतोय आणि आपण दगडासारखे बसलोय, याची भानुदासला शरम वाटली. दुपारचं ताट पुढ्यात आलं तेव्हा घास गिळवेना. ओसरीच्या तुळईचा सांधा कोण्या अडाण्यानं बसवलाय, ते मात्र त्यानं पुनःपुन्हा पाहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्याला कावळ्याचा राग आला. मग नदीच्या आवाजाचा आला. मग बुवांचा आला, आणि गुरूवर राग धरला म्हणून स्वतःचा आला. त्याला बोलावं असंही वाटेना. आपण इथं असलो काय आणि नसलो काय, कुणाचंच काही अडत नाही, असं त्याच्या मनात आलं. डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तो खांबाकडे तोंड करून बसला.

दुपारी बुवांनी ताट आणून ठेवलं. भानुदासचं लक्ष नव्हतं.

बुवा तिथंच उभे राहिले. बऱ्याच वेळानं भानुदासनं वर पाहिलं. बुवा त्याच्याकडे पाहत नव्हते. ते पाटाकडे पाहत होते.

भानुदासनं खाली पाहिलं...

पाटाचा उजवा कोपरा नव्हताच. कड वीतभर कुरतडलेली होती. अंगठ्याच्या नखात लाकडाचे धागे अडकले होते, आणि मुठीत कौलाचा एक धारदार तुकडा होता. तो आपण कधी उचलला, हे त्याला काही केल्या आठवेना. मांडीशेजारी भुशाची छोटीशी रास पडली होती.

"जुनं सागवान आहे," बुवा म्हणाले. "माझ्या गुरूंचा पाट."

भानुदासच्या तोंडचं पाणीच पळालं.

"हे... मी केलं?"

"काल दुपारपासून."

"मग अडवलं का न्हाई मला?"

बुवा खाली बसले. जमिनीवरचा भुसा त्यांनी हातानं गोळा केला, एक कणही मागे ठेवला नाही. मग भानुदासचा हात ओढून तो त्याच्या तळव्यावर ठेवला आणि मूठ मिटवली.

 जेवण निवून गेलं.

एकाएकी भानुदास ताडकन उठला.

"कामाला मुकलाय तो, बुवा! राघू! रानात असता तर फांद्या सोलल्या असत्या, ढोली कोरली असती, एका पेरूसाठी दहा झाडं पालथी घातली असती. त्याची चोच म्हणजे पटाशीच की! आणि मी त्याला सोललेल्या शेंगा देतोय..." तो स्वतःशीच हसला. "आता बघा. जांभळीच्या ओल्या काड्या आणतो. बाभळीचा एक अख्खा ओंडका टांगतो. पेरू फांदीसकट देतो, शेंगा टरफलासकट. देव्हाऱ्याकडं ढुंकून बघायचा न्हाई तो!"

"बरं," बुवा म्हणाले.

"तसा मला अंदाज होताच," भानुदास म्हणाला. हे मात्र साफ खोटं होतं, पण त्याचा चेहरा इतका खुलला होता की ते खपून गेलं.

त्यानं भुसा उपरण्याच्या टोकाला बांधला. नवा पाट करून आणीन म्हणाला.  तो वाकून पाया पडला, टोपी घातली आणि लगबगीनं पायऱ्या उतरू लागला. मनानं तो केव्हाच घरी पोचला होता. तिसऱ्या पायरीवरून वळून म्हणाला,

"मालनला सांगतो, राघू कुठं जात न्हाई, तू बी कुठं जाऊ नको. त्याच्या काड्या, त्याचे पेरू, सगळं मीच आणून देत जाईन. तिला जागची हलूसुद्धा देणार न्हाई."

बुवा ओसरीच्या कडेला आले.

"भानुदास."

"जी?"

 बुवांनी वाकून त्या कुरतडलेल्या पाटावर हात ठेवला...

"राघूला खायला देव्हारा तरी सापडला," ते म्हणाले. "तुझी लेक काय खातेय, ते घरी गेल्यावर बघ."