खाणीतले लाकडी टेकू

"बाबा, एकदाचं सांगून टाका. मंसाराम जाणार, की मी जाऊ?"

नीलकंठानं हे विचारलं तेव्हा भिवाजीबाबांच्या एका गालाला साबण होता आणि माझा वस्तरा त्यांच्या कानाखाली. आता ही काय वेळ झाली का विचारायची? पण नीलकंठाला वेळकाळ कधी कळलाच नाही. मी वस्तरा उचलून धरला आणि गप्प बसलो. न्हाव्यानं केव्हा गप्प बसावं, एवढं माझ्या बापानं मला शिकवून ठेवलं आहे.

 बाबा समोरच्या टेकडीकडे बघत राहिले...

ही टेकडी सोन्याची. म्हणजे कधीकाळी होती. तिच्या पोटात लहानशी खाण आहे, आणि खाणीच्या तोंडाशी कंपनीचं जुनं इंजिनघर. कंपनी गेली, इंजिन गेलं, भिंती आणि छत राहिलं. बाबा त्याच खाणीत मजूर होते. खाण बंद झाल्यावर सगळे पोटामागे पांगले, हे एकटे तिथेच नाव घेत बसले. पुढे लोक येऊ लागले आणि इंजिनघराचा मठ झाला.

मंसाराम मठाचा स्वयंपाकी. हात सढळ, पण तोंड म्हणजे विचारू नका. लाकडं ओली आहेत, माणसं फुकट जेवतात, बाबा फार घोरतात, बाबांनी कालची गोष्ट आज उलटी सांगितली. दिवसभर त्याची कुरकुर चाललेलीच. आणि सगळी बाबांच्या तोंडावर, चारचौघांत! बरं, दर वेळी त्याचं खरं असायचं म्हणावं, तर तसंही नाही. बहुतेक वेळा उगाचच बोलायचा. बाबा ऐकून घेत, कधी हसत, कधी आपलं चुकलं म्हणत.

नीलकंठ शहरातून आलेला. दगडामातीचं शास्त्र शिकलेला माणूस. खाण बघायला म्हणून आला आणि बाबांपाशी राहिला. खोटं कशाला बोलू, मठासाठी त्यानं हाडाची काडं केली. गळकं छत शाकारलं, झऱ्याचं पाणी दारात आणलं. बाबांच्या मागे गादीवर हाच बसणार असं लोक म्हणायचे, आणि तसं कुणी म्हटलं की हा नम्रपणे खाली बघायचा. नाही मात्र म्हणायचा नाही.

आदल्या दिवशी नागपूरची बडी भक्तमंडळी आली होती. त्यांनी बाबांसाठी चांदीच्या पादुका करून आणल्या होत्या. नीलकंठानं पाटावर वस्त्र घातलं, फुलं मांडली, शंख फुंकला. तेवढ्यात मंसाराम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, हातात डाव.

"बाबाचे पाय शाबूत हायेत ना अजून?" तो म्हणाला. "मंग पादुका कायले पाहिजे?"

मंडळींचे चेहरे उतरले. बाबा मात्र खो खो हसले आणि पादुका परत घेऊन जा म्हणाले. नीलकंठाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर तो झोपला नसावा, डोळे लाल होते.

म्हणून हा सकाळी सकाळी असा प्रश्न.

बाबांनी पंच्यानं गालावरचा साबण पुसला. "कंदील घे," ते नीलकंठाला म्हणाले. मला म्हणाले, राहिलेली दाढी आल्यावर करू, तूही चल.

अर्धी दाढी केलेला साधू पुढे, रागावलेला शिष्य मधे आणि काखेत धोपटी मारलेला मी मागे. अशी आमची वरात खाणीत शिरली.

आत गेल्यावर नीलकंठाचा राग जरा निवला. दगड दिसला की त्याला राहवत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हे सगळं दाखवतो, मला तर पाठच झालं होतं. पण सांगतो छान, हे कबूल करायला हवं. त्यानं कंदील भिंतीला लावला. हा हिरवट काळा दगड, पापुद्र्यापापुद्र्यांचा, फार पुरातन. आणि त्यातून तिरपी खाली उतरत गेलेली ही पांढरी गारगोटीची शीर. सोनं असतं ते या पांढऱ्यात, काळ्यात नाही. तेही डोळ्यांना दिसत नाही, कुटून धुतल्यावर कळतं.

सुरुवातीचा बोगदा वेडावाकडा होता. जुन्या लोकांनी शीर जाईल तिकडे तिच्या मागे जात तो कोरला होता. शीर बोटभर झाली की बोगदा इतका अरुंद, की आम्हाला रांगावं लागलं. दंडाएवढी झाली की पुन्हा उभं राहता येई. त्या लोकांकडे सुरुंग नव्हता. दगडापाशी जाळ करायचा, दगड तापला की वर पाणी ओतायचं, मग तो तडकायचा. त्यांच्या धुराची काजळी अजून वर आहे. नीलकंठानं तिला बोट लावून मला दाखवलं.

पुढे कंपनीचा बोगदा लागला. रुंद, सरळ. छताला जागोजागी ऐनाच्या लाकडाचे टेकू.

आम्ही जेमतेम थोडं पुढे गेलो असू, आणि...

कर्रर्र.

नीलकंठ जागच्या जागी थिजला. मी काखेतली धोपटी छातीशी धरली. बाबांनी जवळच्या टेकूवर तळहात ठेवला आणि बैलाला म्हणावं तसं "हो, हो" म्हणाले. थोडा वेळ कान देऊन उभे राहिले.

"चला," मग म्हणाले. "नेहमीचंच आहे."

नीलकंठानं विचारलं की हे असं रोज वाजतं का. बाबा म्हणाले, रोज. ऊन पडलं तरी वाजतं, पाऊस आला तरी वाजतं. बहुतेक वेळा काही होत नाही.

त्याहून पुढे लाकूड संपलं आणि लोखंडाचे खांब लागले. तिथे मात्र सगळं चिडीचूप. माझाच श्वास मला ऐकू येत होता. खांबांच्या त्या रांगेच्या शेवटी बोगदा नव्हताच. छतापर्यंत दगडांचा ढीग होता आणि पुढचे खांब त्या ढिगाखाली मोडून वाकले होते.

बाबा त्या ढिगापाशी खाली बसले. 

मग त्यांनी सांगितलं. लाकूड कुरकुरलं की माणसं पाट्या टाकून बाहेर पळायची. घटकाभर थांबायची, काही झालं नाही की पुन्हा आत जायची. कधीकधी मात्र खरंच एखादा तुकडा खाली यायचा, तेव्हा माणसं बाहेर असायची. कंपनीनं नवा साहेब आणला. हुशार होता, मनाचाही वाईट नव्हता. हा रोजचा पळापळीचा खेळ त्याला बघवेना. मजुरांनाही त्या आवाजाची धास्ती होतीच. साहेबानं इथलं सगळं लाकूड काढून लोखंड बसवलं. करकर थांबली. मजुरांनी त्या दिवशी गूळ वाटला. पुढे सगळे जण या खांबांना पाठ टेकूनच भाकर खायचे, बाबाही खायचे. कुणी कधी पळालं नाही.

एका दुपारी बाबा छिन्न्यांना धार लावून आणायला लोहाराकडे गेले. धाकटा भाऊ दसरू आत होता. बाबांनी त्याला सांगितलं होतं, माझ्या वाटची भाकर ठेव...

"लोखंड शेवटपर्यंत काही बोललं नाही, बाबू," ते नीलकंठाला म्हणाले.

त्यांनी एका दगडावर हात ठेवला आणि रडले. अगदी लहान पोरासारखे रडले, काही लपवलं नाही.  इतकी वर्षं मी त्या माणसाची दाढी करत होतो, आणि त्याचा भाऊ टेकडीच्या पोटात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. नीलकंठही हलला होता. तो म्हणाला की ही जागा फार धोक्याची आहे, उद्याच्या उद्या खाणीच्या तोंडाला जाळीचं दार बसवून घेतो. आणि खरंच बसवलं, कामाला वाघ होता तो.

मग जरा घुटमळून म्हणाला, "पण बाबा, मंसारामचं ते राहिलंच."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.  मग माझ्यापुढे येऊन बसले आणि उरलेला गाल पुढे केला.

नीलकंठानं या न बोलण्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

पुढच्या आठवड्यात बाबा नदीपलीकडच्या गावी सप्ताहाला गेले. नीलकंठ कुणाशी वाईट वागणारा नव्हता. त्यानं मंसारामला नवं घोंगडं दिलं, आता वय झालं, लेकीकडे जाऊन आराम करा म्हणून गोडीत सांगितलं. मंसारामनं एवढंच विचारलं, बाबाले माहीत हाये काय? नीलकंठ हो म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं.

मला मंसाराम एस्टीच्या थांब्यावर भेटला. मांडीवर घोंगडं, घडीसुद्धा न मोडलेलं. मी म्हटलं, अरे, बाबा येईपर्यंत तरी थांब. त्यानं मान हलवली. बाबाले माहीत हाये म्हणते, एवढंच म्हणाला. जन्मभर ज्याचं तोंड बंद झालं नाही तो माणूस गाडी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. मला फार वाईट वाटलं.

बाबा परतले. मठ कसा लखलखीत झाला होता. भांडी ओळीनं लावलेली, माणसं ओळीनं बसलेली, कुठे हूं की चूं नाही. वाढायला नवा माणूस होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मंसारामचा डाव त्याच्या हातात होता तिकडे पाहिलं, आणि काही न विचारता जेवायला बसले.

वरण इतकं खारट होतं, की माझ्या जिभेला चरचरलं.

"वरण कसं झालंय?" बाबांनी पंगतीला विचारलं.

गोड झालंय, प्रसादच आहे, असं सगळे म्हणाले. नीलकंठानं तर आणखी वाढून घेतलं.

दिवस मावळता मावळता प्रवचन झालं. बाबांनी टेकडीचाच दृष्टांत घेतला. म्हणाले, माणसानं या टेकडीतलं सोनं ओळखायला शिकावं. आपली शीर कशी, तर काळीकुट्ट. भोवतीचा दगड कसा, तर दुधासारखा पांढरा. आणि सोनं त्या काळ्या शिरेत...

बोलता बोलता ते थांबले आणि त्यांनी नीलकंठाकडे पाहिलं.

नीलकंठाच्या कपाळाला क्षणभर आठी पडली. मी पाहिली. मग ती गेली, त्यानं हात जोडले.

"खरं आहे, बाबा."

ज्याला त्याला काळापांढरा दगड दाखवत फिरणारा हा माणूस! त्यानं मान डोलावली तशा साऱ्या मठानं माना डोलावल्या. बाबा थांबूनच राहिले. मला उगाच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहावंसं वाटलं. तिथून कुणी काही बोललं नाही.

बाबा उठले. कोपऱ्यातली आपली वळकटी त्यांनी काखोटीला मारली आणि अंगणात मोहाच्या झाडाखाली नेऊन पसरली. पौषाची थंडी. त्या थंडीत म्हातारं माणूस उघड्यावर झोपणार म्हटल्यावर सगळ्यांची धांदल उडाली. कुणी शाल आणली, कुणी शेकोटीला लाकडं आणली. बाबा कुणाला ओरडले नाहीत आणि आतही आले नाहीत.

नीलकंठ रडकुंडीला आला. आपलं काही चुकलं का, छत गळतं का, अंथरूण कमी पडतं का, त्यानं सगळं विचारून पाहिलं. शेवटी तो बाबांच्या पायाशी बसला.

"बाबा, आता आत कसली कटकट राहिली नाही. सगळं तुमच्या मनासारखं केलंय. मग बाहेर का?"

बाबा उठून मठाच्या दारापाशी गेले. दाराच्या चौकटीवर त्यांनी तळहात ठेवला, खाणीतल्या टेकूवर ठेवला होता तसाच. कान दिला. 

त्यांनी हात काढून घेतला.

"आत फार शांत आहे, बाबू," ते म्हणाले. "मला भीती वाटते."