निमकर सरांचा पासवर्ड

कराडातल्या एका कॉम्प्युटर क्लासचे मालक निमकर सर स्वतःला फार मोठे प्रोग्रामर समजत. एकदा जुलेखा मणेरने त्यांना आपला पहिलावहिला प्रोग्राम दाखवला. काहीही टाइप केलं, की त्यात अक्षरं, आकडे आणि चिन्हं किती, एवढंच तो सांगे.

"असली मोजदाद करून कुणाला नोकरी लागते का गं?" सर म्हणाले. वर्ग हसला. जुलेखाची मान खाली गेली.

सरांना चेव आला. "मी माझा पासवर्ड टाकतो. तो तुला दिसणार नाही, नुसती मोजदाद दिसेल. त्यावरून काही कळलं तर सांग, नाहीतर उद्यापासून टायपिंगच्या बॅचला बस."

तिच्या स्क्रीनवर आलं: अक्षरं शून्य, चिन्हं शून्य, आकडे दहा.

जुलेखा उठून सरांजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "सर, पासवर्ड बदला. नाहीतर बाहेरच्या पाटीवरचा तुमचा मोबाईल नंबर तरी पुसा."

सरांचे कान लाल झाले.

"काय म्हणाली, सर?" मागून कुणीतरी विचारलं.

सरांना वर बघवेना. "मी हिला सगळ्यांदेखत हसलो," ते म्हणाले, "आणि हिनं मला कानात सांगितलं."