उलट्या पंपाची चौकशी

चिंचणेवाडीला विजेचा खांब कधी दिसलाच नाही. शेवटी पोरांनी भंगारातला पंप आणला आणि पाणी ज्या तोंडातून बाहेर पडतं, त्याच तोंडात डोंगरावरच्या ओढ्याची धार सोडली. पंप उलटा फिरून वीज द्यायला लागला.

घराघरात दिवे लागले, तसे विजेच्या हापिसातले निमकरसाहेब जीप घेऊन धावले. खांब आणायला बरी कधी सवड झाली नव्हती! पोट पुढं काढून म्हणाले, "पंपानं वीज खायची, पाणी चढवायचं. हा उलटा चालतो. नियमात बसत नाही. काढा."

सोबत आलेल्या वायरमननं पाना उचलला. गर्दीतून ठकूआक्का पुढं आली. सुनेचे दिवस भरत आलेले, बाळंतपण पुन्हा अंधारात करायचं?

"काढा की," ती गोड हसून म्हणाली. "पण साहेब, तुमचं काम काय हो? उजेड द्यायचं ना?"

"अर्थात."

"आणि आलात उजेड घालवायला. एवढा मोठा साहेब उलटा चालतो, त्याला कोणी काढत नाही. मग ह्या पंपानंच काय घोडं मारलंय?"

वायरमनला हसू आवरेना, त्यानं पाना पिशवीत टाकला. साहेब जीपमध्ये जाऊन बसले. वाट अरुंद, गाडी वळवायला जागा नाही. डोंगर उतरेपर्यंत साहेबांची जीप उलटीच गेली.