पंचांग आधी कोणी उघडलं?

मोगरगडच्या भुजंगराव महाराजांच्या पानात सलग चौथ्या दिवशी पुरणपोळी पडली नाही. कारण रोजचंच. कुणाला काय वाढायचं याची यादी मुदपाकखान्याच्या संगणकावर असे, आणि नव्या पाहुण्यांची नावं घालता घालता सकाळी दहाच्या सुमारास तो प्रोग्रामच बंद पडायचा. मग दादंभट आचारी डोक्याला हात लावून बसायचे. दोनशे माणसांचं पथ्यपाणी तोंडपाठ कुणाला असतं? मधुमेहवाल्याला बासुंदी, आणि महाराजांना दुध्याची भाजी!

साऱ्या गडाला मिळून यंत्र एकच; खात्याखात्यातले संगणक म्हणजे त्याचेच पडदे. दिवाण नारोपंतांनी प्रत्येक खात्याचा एक गट केला होता आणि प्रत्येक गटाला मेमरीची मर्यादा घातली होती, चारशे एमबी. यंत्राच्या पोटात कर्नेल नावाचा कारभारी बसलेला असे. गटाने मर्यादा ओलांडली की तो त्या गटातला सर्वांत जड प्रोग्राम जागीच मारी. त्याच्यापुढे वशिला चालत नसे.

"हा आचारीच खादाड," नारोपंत म्हणाले. "पागा चारशेत भागवते, ज्योतिषी भागवतात. यालाच का पुरत नाही? हाकला याला."

दादंभटांच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षं त्यांनी त्या चुलीपुढे काढली होती. तेवढ्यात त्यांची लेक वेणू पुढे आली. भाजी चिरायची आणि मुदपाकखान्याचा संगणक चालवायचा, ही दोन्ही कामं तिचीच.

"महाराज, उद्या दुपारी बाराला पोळी तुमच्या पानात असेल."

महाराज हट्टाला पेटले. "ठीक. पण मर्यादा कणभर वाढणार नाही. नवी मेमरी येणार नाही. कुठल्याही खात्याचं काम थांबणार नाही, आणि यादीतलं एक नाव गळणार नाही. पोळी नसली तर तुझे बाबा गडाखाली."

नारोपंत मिशीत हसले. हात बांधून विहिरीत उडी मारायला सांगावं, तसलाच हा प्रकार होता.

वेणू पदर खोचून पडद्यापुढे बसली. मुदपाकखान्याचं सगळं बंद, तरी गटाच्या नावावर तीनशे एमबी! कोण ठाण मांडून बसलंय? पाहते तर पंचांग. शंभर वर्षांचं, पानोपानी देवांच्या रंगीत चित्रांचं. पागेनंही तेच उघडलं होतं, ज्योतिष्यांनीही, पण त्यांच्या नावावर शून्य.

"बाबा, आपण पंचांग कधी उघडतो?"

"पहाटे चारला, यंत्र चालू झालं की लगेच. चूल पेटवायच्या आधी एकादशी आहे का ते बघायला नको? तुझ्या आजोबांनी एकदा न बघता भात टाकला होता, मी अजून बोलणी खातोय."

वेणूला असं हसू फुटलं की मांडीवरची वांगी घरंगळत चुलीपर्यंत गेली. ती तशीच दरबारात धावली.

"महाराज, सगळ्या अटी मान्य. फक्त उद्या पहाटे चारला पंचांग आधी तुम्ही उघडा."

"मी? मी नऊच्या आधी उठत नाही. सूर्यालाही ठाऊक आहे ते."

"पंचांग यंत्राच्या मेमरीत एकदाच येतं, महाराज, यंत्र बंद होईपर्यंत तिथंच बसतं, आणि सगळे तेच वाचतात. पण कर्नेल त्याचं ओझं पहिल्यांदा उघडणाऱ्याच्या माथी मारतो. मागचे फुकट वाचतात. पंगतीत एकानं जड पातेलं उचलून आणायचं आणि बाकीच्यांनी नुसतं वाढून घ्यायचं, तसं. आम्हाला एकादशी बघायची असते, म्हणून पातेलं रोज आमच्याच डोक्यावर."

"मग ज्योतिष्यांना आधी उघडू दे," नारोपंत म्हणाले.

"मग उद्या दहाला ज्योतिषी मरतील."

ज्योतिषी ताडकन उभे राहिले.

"तुमचा प्रोग्राम म्हणते मी, गुरुजी. चारशेत हे ओझं कुणालाच पेलायचं नाही. मर्यादा नसलेला गट गडावर एकच आहे, महाराजांचा."

"अर्थात," नारोपंत छाती काढून म्हणाले. "महाराजांना मर्यादा कोण घालणार?"

"तेच म्हणते मी, दिवाणजी."

महाराजांनी डोळे बारीक केले. "आणि मी नाही उठलो तर?"

"तर बाबा गडाखाली जातील. पण महाराज, पुरण त्यांच्याबरोबरच जाईल."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला महाराज उघड्या डोक्यानं, एका पायात जोडा घालून वाड्यातून दरबारातल्या पडद्याकडे धावत निघाले. पहारेकऱ्यांना वाटलं शत्रू आला, त्यांनी नौबत वाजवली! अख्खा गड जागा झाला. महाराजांनी जांभई देत पंचांग उघडलं आणि मगच दादंभटांनी एकादशी पाहिली. नव्हती.

दहा वाजले. यादी वाढत गेली, मुदपाकखाना दीडशेच्या वर सरकेना. बाराला महाराजांच्या पानात तुपानं निथळणारी पोळी पडली. त्यांनी सात खाल्ल्या.

"नारोपंत, हे शंभर वर्षांचं चित्रांचं पंचांग यंत्रात चढवलं कोणी?"

नारोपंत तुपाच्या वाटीत काहीतरी शोधू लागले. महाराज पोट धरून हसले आणि हातातलं सोन्याचं कडं त्यांनी वेणूपुढे ठेवलं. "आजपासून सगळ्या गटांचा कारभार तुझा. दादंभट मरेपर्यंत चुलीचे धनी. आणखी काय हवं ते माग."

"यंत्र रोज रात्री बंद करायचं हा गडाचा रिवाज आहे, महाराज, म्हणजे पहाटे पंचांगाचं ओझं पुन्हा पहिल्या उघडणाऱ्यावरच. उद्याही चारला उठा."

महाराजांना हसता हसता ठसका लागला. "उठतो! पण हाक मारायला तूच यायचं, आणि येताना हातात पोळी हवी!"